द्राक्षबागेतली डबी: प्रिंट, ओतकाम की साचा?

वेलीमागे | सोमवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. तासगावजवळ आमची साडेतीन एकर बाग आहे. मी मूळचा इलेक्ट्रॉनिक्सवाला. पुण्यातली नोकरी सोडून गावी आलो आणि ठिबकचे व्हॉल्व्ह मोबाईलवरून चालू-बंद करणारा कंट्रोलर बनवला. आधी आमच्या बागेत लावला, मग मेव्हण्याच्या, मग त्याच्या मित्रांच्या. बघता बघता ३४ संच झाले. पुढच्या हंगामात १२० जातील असा अंदाज आहे.

सर्किट चालतंय. घोडं अडलंय प्लॅस्टिकपाशी.

डबी १६० बाय ११० बाय ६० मिलिमीटर. वर झाकण, चार स्क्रू, खाली तारांना भोकं. शिवाय प्रत्येक व्हॉल्व्हपाशी तारेच्या जोडावर बसणारी छोटी टोपी. सगळं घरच्या थ्रीडी प्रिंटरवर काढतो. एका डबीला झाकणासकट साडेअकरा तास लागतात. पहिल्या डब्या पीएलए या प्लॅस्टिकच्या होत्या. एप्रिलच्या उन्हात त्यांची झाकणं भाजलेल्या पापडासारखी उचलली गेली. मग एबीएस या दुसऱ्या प्लॅस्टिकवर आलो. ते ऊन झेलतं, पण आता बॉसभोवती, म्हणजे स्क्रू बसतो त्या पोकळ खुंटीभोवती, चिरा पडताहेत. ३४ पैकी ९ डब्या गेल्या.

आलेली कोटेशनं अशी:
डबी आणि झाकणाचा साचा, पी-२० स्टीलमध्ये (वितळलेलं प्लॅस्टिक दाबाने भरून नग काढायचे): ३,४०,०००. त्यानंतर नग ५५ रुपयांना.
सिलिकॉन साच्यात ओतून: मास्टर (मूळ नमुना) धरून पहिले १५ नग ३८,०००.
नायलॉन पावडरचा प्रिंट, एमजेएफ: नग ३,९००.
घरचा प्रिंट, वीज आणि वाया गेलेले नग धरून: साधारण १,५००.

साडेतीन लाख म्हटल्यावर बायकोने नुसतं ट्रॅक्टरकडे पाहिलं, बोलली काहीच नाही. काय करू?

---

फिलामेंटराव | सोमवार, रात्री ११:२५

दादा, १२० नगांसाठी साचा म्हणजे उंदरासाठी डोंगर पोखरणं. प्रिंटच चालू ठेवा, फक्त नीट करा. एबीएसऐवजी एएसए वापरा, उन्हात ते जास्त टिकतं. स्क्रू थेट प्लॅस्टिकात पिळू नका, पितळी इन्सर्ट (आट्यांची छोटी नळी) गरम करून बसवा. बॉस उभा प्रिंट केला की थर एकावर एक बसतात आणि स्क्रू त्यांना फाकवतो. तुमची चीर थराच्या रेषेतच गेली असणार, बघा. भिंतीचे पदर दोनाचे चार करा आणि अजून दोन प्रिंटर घ्या. साच्याच्या दहाव्या हिश्शात काम होईल.

---

टाचणी | मंगळवार, सकाळी ८:१०

भोसरीत साचे बनवणाऱ्या टूलरूममध्ये १४ वर्षं डिझाईन करते, त्यामुळे माझं मत साच्याकडे झुकलेलं आहे हे आधीच सांगते.

फिलामेंटरावांचा डोंगर वाटतो तितका मोठा नाही. ३,४०,००० ला १,५०० वजा ५५ ने भागा. २३५ येतात. म्हणजे २३५ व्या डबीपाशी दोन्ही खर्च सारखे, पुढच्या प्रत्येक डबीला साचा स्वस्त. १२० तर पुढच्याच हंगामात जाणार म्हणताय. त्यात साडेअकरा तासांत रात्री वीज गेली की नग कचऱ्यात, तो मनस्ताप कुठल्या रकान्यात धरायचा?

पण साच्याआधी एक खरं उत्तर द्या. पहिल्या डबीपासून आजपर्यंत डिझाईन कितीदा बदललं?

---

वेलीमागे | मंगळवार, दुपारी १:४०

ताई, मोजलं. ११ वेळा. शेवटचा बदल परवाच केला, अँटेनाचं भोक सरकवलं.

---

टाचणी | मंगळवार, दुपारी २:०५

मग अजून स्टील कापू नका. साचा म्हणजे डिझाईनला लावलेलं कुलूप. त्यात बदल एकाच दिशेने सोपा असतो. लोखंड काढता येतं, घालता येत नाही. भिंत जाड करायची, बरगडी वाढवायची तर साच्यातून थोडं आणखी खरवडायचं. पण भोक सरकवायचं म्हणजे वेल्डिंग भरा, पुन्हा घासा, आणि त्या जागी नगावर डाग दिसतोच.

डिझाईनची फाईल पाठवलीत तर बघते. प्रिंटसाठी काढलेली डबी तशीच साच्यात जात नाही. उभ्या भिंतींना एक ते दीड अंश ड्राफ्ट, म्हणजे उतार लागतो, नाहीतर नग कोअरला, म्हणजे साच्याच्या आतल्या भागाला, चिकटून बसतो आणि त्याला बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिना त्यालाच भोसकतात. बॉस जाड ठेवलात तर बाहेरच्या बाजूला खळगा पडतो, त्याला आम्ही सिंक म्हणतो. भिंत अडीच मिलिमीटर असेल तर बरगडी दीडच्या वर नको.

---

जुना खातेदार | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

आमचं स्वतःचं मोल्डिंगचं युनिट होतं, आता मुलगा बघतो. एकच गोष्ट सांगतो, पैशाची.

साचा करायला द्याल तेव्हा तो तुमच्या मालकीचा आहे हे कागदावर घ्या आणि साच्यावर तुमचं नाव कोरून घ्या. माझ्या भाच्याने एका वर्कशॉपमधून साचा करून घेतला आणि माल काढायलाही तिथेच ठेवला. दीड वर्षाने त्यांनी नगाचा भाव दीडपट केला. हा म्हणाला, साचा द्या, दुसरीकडे जातो. ते म्हणाले, जुनी बाकी आहे. सात महिने साचा त्यांच्या रॅकवर आणि ह्याचं गिऱ्हाईक तिसऱ्याकडे. नाव घेत नाही, मिटलं ते प्रकरण.

दुसरं, प्लॅस्टिकचा दाणा कुठला वापरतात ते विचारा. ५५ रुपयांत व्हर्जिन, म्हणजे नवा कोरा दाणा आहे की रिप्रोसेस, म्हणजे वापरलेलं प्लॅस्टिक वितळवून केलेला? रिप्रोसेस दाणा काळ्या रंगात खपून जातो, डोळ्याला कळत नाही. बॉस तुटायला लागल्यावर कळतं. एबीएस मशीनमध्ये घालण्याआधी ८० अंशांवर दोन-तीन तास सुकवतात का, तेही विचारा. ओला दाणा गेला की नगावर चंदेरी रेघा येतात.

---

बेसनलाडू | मंगळवार, रात्री ९:१५

वाचतेय. विषयातलं ओ की ठो कळत नाही, पण मजा येतेय. वेलीमागे, बेदाणे घरपोच मिळतात का हो?

---

वेलीमागे | मंगळवार, रात्री ९:२०

मिळतात की. संपर्कातून निरोप टाका.

---

आम्लपित्त | मंगळवार, रात्री ११:५५

मी पॉलिमरवाला, संभाजीनगरला असतो. सगळे पद्धतीवर बोलताहेत. चिरा का पडल्या हे कोणी विचारलंच नाही.

वेलीमागे, गेलेल्या ९ डब्या कुठे लावल्या होत्या? ओळीत, वेलींच्या मध्ये? आणि ब्लोअरने फवारताना त्यांच्यावर औषध उडतं का?

---

वेलीमागे | बुधवार, सकाळी ६:४५

सर, तुम्ही विचारल्यावर वही काढली. ९ पैकी ८ ओळीतल्या, तारेला बांधलेल्या. त्यांच्यावर औषध उडतंच. डाऊनी-भुरी या रोगांच्या दिवसांत किती फवारण्या होतात हे द्राक्षवाल्यांना सांगायला नको. नववी बहुतेक माझ्याच हातून जास्त पिळली गेली. फिल्टरच्या शेडमध्ये ज्या ११ डब्या आहेत, त्यांतली एकही फुटलेली नाही. ऊन नाही म्हणून टिकल्या असं मी धरून चाललो होतो.

---

आम्लपित्त | बुधवार, सकाळी ९:३०

ऊन साथीदार असेल, पण मुख्य आरोपी फवारा वाटतो. औषधाच्या बाटलीवर नावापुढे ईसी लिहिलेलं असतं ना? त्यात मूळ औषध तेलकट द्रावकात विरघळवलेलं असतं. एबीएस आणि पॉलिकार्बोनेट या दोघांना असली द्रावकं सोसत नाहीत. नुसतं अंगावर पडलं तर कदाचित काही होणार नाही. पण जिथे प्लॅस्टिक आधीच ताणाखाली आहे, तिथे द्रावक शिरतं आणि चीर उघडतं. तुमच्या डबीत ताण कुठे? स्क्रू पिळलेल्या बॉसवर. चिराही तिथेच.

खात्री हवी असेल तर घरीच करा. त्याच एबीएसच्या सहा पट्ट्या काढा. तीन सरळ ठेवा, तीन वाकवून दोऱ्याने धनुष्यासारख्या बांधा. सगळ्यांवर नेहमीचं मिश्रण रोज एकदा शिंपडा. आठवड्याने सांगा.

आणि यामुळे तुमची कोटेशनंही बदलतात. तिथे पॉलिप्रॉपिलीन हवं, म्हणजे पीपी. ते या द्रावकांना बरंच दाद देत नाही. पण पीपी घरी प्रिंट करून बघा, पहिल्या थरालाच कोपरे उचलतं. सिलिकॉन साच्यात जे ओततात ते पॉलियुरेथेन. 'एबीएससारखं', 'पीपीसारखं' म्हणून विकतात, ते हाताला लागतं तेवढ्यापुरतं. ओतीव नगावर फवारा मारून पास झालात तरी साच्यातल्या पीपीबद्दल काहीच सिद्ध होत नाही. आधी मटेरियल ठरवा, पद्धत त्याच्यामागून चालत येते.

---

टाचणी | बुधवार, सकाळी १०:१५

सर, पटलं. पीपी म्हटलं की माझंही काम बदलतं. एबीएस गार होताना अर्धा टक्का आकसतं, पीपी दीड-दोन टक्के. १६० मिलिमीटरच्या झाकणात एबीएसला ०.८ धरायचे, पीपीला तीनच्या आसपास. म्हणजे एबीएससाठी काढलेल्या साच्यात नंतर पीपी ओतू, ही सोय विसरायची. शिवाय एवढं सपाट झाकण पीपीत वाकतं. गॅस्केट कुठेतरी सुटणार आणि पाणी आत.

---

हातोडी | बुधवार, दुपारी १२:३०

इथे कोणी रोटोमोल्डिंगचं नाव कसं काढलं नाही? पाण्याच्या टाक्या त्यानेच होतात. साचा पत्र्याचा, दाब नाही, त्यामुळे स्वस्त. पॉलिथीनला औषधाचं भय कमी. व्हॅक्युम फॉर्मिंगही आहे, लाकडी साच्यावरसुद्धा होतं.

---

टाचणी | बुधवार, दुपारी १२:५०

रोटोमध्ये पावडर बंद साच्यात टाकून भट्टीत दोन अक्षांवर फिरवतात. पोकळ, मोठं, ओबडधोबड काही हवं असेल तर त्याला तोड नाही. पण एका नगाला वीस-तीस मिनिटं लागतात, भिंत कुठे तीन तर कुठे पाच, आणि आत बॉस-क्लिप असं बारीक काही येत नाही. तळहाताएवढ्या डबीला ते नको. व्हॅक्युम फॉर्मिंगमध्ये तापलेली शीट ओढली जाते, कोपऱ्यात कागदासारखी पातळ होते, आणि बॉस तिथेही नाहीत. ट्रे, कव्हर यांना ठीक.

---

जुना खातेदार | बुधवार, दुपारी ३:१०

भिंतीवरच्या वीजमीटरची राखाडी खरबरीत पेटी बघा, एसएमसीची. काचतंतू आणि पॉलिस्टर, तापलेल्या साच्यात दाबून काढतात. ऊन-पाऊस मुकाट सोसते. तयार मिळते. भोक पाडताना मात्र तोंडाला फडकं बांधा, भुसा अंगाला दोन दिवस खाजतो.

---

टाचणी | बुधवार, रात्री ८:४०

सकाळपासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय. वेलीमागे, शेडमधल्या ११ डब्या टिकल्या. मग बाकीच्या ओळीत कशाला टांगल्यात?

आणि आपण सगळे डबी-डबी करतोय. टोप्या किती लागतात?

---

वेलीमागे | बुधवार, रात्री ९:३०

ओळीत टांगल्या कारण तार कमी लागते. खरं सांगायचं तर पहिली तशी लावली म्हणून पुढच्याही तशाच लावत गेलो.

टोप्या एका संचाला ८. त्याही फुटतात, पण तिथे मी चिकटपट्टी गुंडाळून वेळ मारून नेतो, म्हणून लिहिलं नाही. एक टोपी प्रिंट करायला साधारण ९० रुपये पडतात. दोन भाग, एक बारीक स्क्रू.

---

टाचणी | बुधवार, रात्री ९:४५

१२० गुणिले ८. ९६० टोप्या.

अहो, तुमचा साच्याचा नग तोच आहे! डबी शेडमध्ये न्या, तार थोडी जास्त लागू दे. तिथे फवारा नाही, ऊन नाही, मग बाजारातली तयार एबीएसची पेटी चालेल. भोकं पाडायला एक जिग करा, ड्रिल नेमक्या जागी धरणारी चौकट. अँटेनाचं भोक बाराव्यांदा सरकवलंत तरी नुकसान एका ड्रिलचं.

टोपी मात्र फवाऱ्यातच राहणार. ती पीपीची आणि साच्यातली करा. आणि पीपी आहेच, तर दोन भाग आणि स्क्रू कशाला? तेलाच्या बाटलीचं उघडझाप करणारं झाकण आठवा. झाकण आणि बूच एकाच तुकड्यात, मध्ये पातळ बिजागरी. ती पीपीत हजारो वेळा वाकली तरी तुटत नाही. प्रिंटमध्ये हे जमत नाही, म्हणून तुम्हाला सुचलं नसणार. स्क्रू गेला की ताण गेला आणि सरांची चीरही गेली.

दोन कॅव्हिटीचा, म्हणजे एका वेळी दोन नग देणारा छोटा साचा. दोन्ही कॅव्हिटी मिळून ६० चौरस सेंटिमीटरच्या आत. साचा दाबून बंद ठेवायला चौरस सेंटिमीटरला ०.४ टन धरले तर २४ टन. म्हणजे ५०-६० टनांच्या मशीनवर आरामात चालेल, तशी मशीनं सांगलीत कुपवाडलाही मिळतील.

---

फिलामेंटराव | बुधवार, रात्री १०:१०

टोपीपुरता मी शस्त्रं खाली ठेवतो. जिग मात्र प्रिंटरवरच काढा, ही विनंती.

---

आम्लपित्त | बुधवार, रात्री ११:००

रंग काळा घ्या. साधं पीपी उन्हात दोन हंगामांत खडूसारखं भुसभुशीत होतं. ठिबकची नळी काळी असते ती उगाच नव्हे, त्यात दोन-अडीच टक्के कार्बन ब्लॅक असतो आणि तो अतिनील किरण अडवतो. आणि स्टिकर पीपीवर टिकत नाही, सोलून येतो. नाव साच्यातच कोरा, नगावर उठावात येईल. तपासणी करून हवी असेल तर इकडे चिकलठाण्याला सिपेट ही प्लॅस्टिकची सरकारी संस्था आहे.

---

वेलीमागे | तीन महिन्यांनी, शनिवार, रात्री ८:०५

धागा वर काढतोय, कारण सांगायला बरंच आहे.

आधी पट्ट्या. सरळ ठेवलेल्या तीन जशाच्या तशा. वाकवलेल्या तिनांपैकी एक चौथ्या दिवशी तुटली, दुसरी सहाव्या. तिसरीवर भिंगातून बघितलं तर मधोमध केसासारख्या रेघा. आम्लपित्त सर, नमस्कार घ्या.

डब्या शेडमध्ये गेल्या. तयार पेटी ३२० रुपयांना मिळाली. जिग प्रिंटरवरच काढला, फिलामेंटराव.

टोपीचा साचा ५८,०००, दोन कॅव्हिटी. साच्यावर माझं नाव कोरलंय आणि कागदही केलाय, खातेदार काका. नग ४ रुपये ७५ पैसे.

पहिल्या ट्रायलला मी स्वतः मशीनपाशी उभा होतो. पहिले पाच-सहा शॉट अर्धवट, बिजागरीच्या पलीकडचं झाकण भरतच नव्हतं. ऑपरेटरने तापमान आणि दाब थोडा वाढवला आणि पूर्ण नग पडला. गरमच होता. मी हौसेने वाकवला. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा दोन तुकडे हातात! पोटात गोळा आला. ५८ हजार डोळ्यांपुढून गेले.

टाचणीताईंना तिथूनच फोटो पाठवला. त्यांनी विचारलं, गेट, म्हणजे वितळलेल्या प्लॅस्टिकचा रस आत शिरायची तोंडं, किती आहेत? दोन होते, साचेवाल्याने भरायला सोपं जावं म्हणून दोन्ही बाजूंना एकेक दिला होता. त्या म्हणाल्या, दोन्हीकडून येणारा रस नेमका बिजागरीवर भेटतोय, तिथे शिवण पडते, आणि शिवण म्हणजे चीर पडायची राखलेली जागा. झाकणाकडचं गेट बंद करा, सगळा रस बिजागरीतून आरपार जाऊ दे.

गेट बुजवलं. मग झाकण पुन्हा भरेना. बिजागरी ०.३ होती, साचेवाल्याने लोखंड थोडं काढून ०.४ केली. 'काढता येतं, घालता येत नाही' हे वाक्य मी तेव्हा मनातल्या मनात तीनदा म्हटलं. दुसरी ट्रायल मंगळवारी झाली. नग भरला. गरम असतानाच पाच-सहा वेळा पूर्ण वाकवून घ्या असं ताईंनी सांगितलं होतं, तसं केलं. बिजागरीवर पांढुरकी रेघ उठली आणि ती गुळगुळीत झाली. त्यातली एक टोपी आमच्या चिरंजीवांना खेळायला दिली. काल संध्याकाळपर्यंत त्याने २,१०० वेळा उघडझाप केली, वहीत पाच-पाचच्या काड्या काढून. तुटलेली नाही.

एक गोष्ट राहिलीय. कडेला नखाला लागेल एवढा फ्लॅश, म्हणजे सांध्यातून बाहेर आलेला प्लॅस्टिकचा पापुद्रा येतोय, एकाच कॅव्हिटीला. साचेवाला म्हणतो मशीनचं क्लॅम्पिंग ढिलं आहे, मशीनवाला म्हणतो साचा नीट बसत नाही.

---

टाचणी | शनिवार, रात्री ८:४०

मशीन ढिलं असतं तर बहुधा दोन्ही कॅव्हिटींना आला असता. साचा उघडून त्या बाजूच्या पार्टिंगला, म्हणजे साच्याचे दोन भाग मिटतात तिथे, निळा रंग लावा, बंद करून उघडा, कुठे उठत नाही ते दिसेल. सोमवारी साचेवाल्याला समोर बसवून करा. दोघांना एकाच वेळी बोलवा, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवता येणार नाही.

---

बेसनलाडू | शनिवार, रात्री ९:००

बेदाणे मिळाले, छान होते. चिरंजीवांना २,१०० वेळांबद्दल काहीतरी बक्षीस द्या.

---

वेलीमागे | शनिवार, रात्री ९:१०

दिलंय. दुसरी टोपी.